फ्राइज कशात तळल्या?

अमेरिकेत राहणाऱ्या शाकाहारी मराठी माणसाला हायवेवर भूक लागली की तो काय मागवतो, हे तुम्हाला सांगायला नको. बर्गर चालत नाही, नगेट्स चालत नाहीत, सॅलडवरही कोंबडीचे तुकडे पेरलेले असतात. मग उरतात फ्राइज. बटाटा, मीठ आणि तेल. उपासाला चालतील इतक्या निर्धोक, असं समजून दोन-तीन पिढ्यांनी त्या खाल्ल्या, मुलांनाही दिल्या.

त्या कढईतल्या तेलाला एक इतिहास आहे, आणि तो तुमच्या-माझ्या घरातल्या एका जुन्या पिवळ्या डब्यापर्यंत मागे जातो. फास्ट फूड जास्त खाल्लं की प्रकृती बिघडते हे आता शाळेतलं पोरही सांगतं. पण नेमकं काय बिघडवतं, याचं उत्तर गेल्या पन्नास-साठ वर्षांत अनेकदा बदललं, कढईही त्याबरोबर बदलली, आणि दर वेळी खाणाऱ्याला ते सगळ्यात शेवटी कळलं. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना तर त्याहूनही उशिरा.

सुरुवात साबण करणाऱ्यांपासून करावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करण्याची रीत शोधली आणि तिचं पेटंट घेतलं. ते इंग्लंडमधल्या वॉरिंग्टनच्या क्रॉसफिल्ड या साबणवाल्या कंपनीने मिळवलं. साबणाला आणि मेणबत्तीला घट्ट चरबी लागते, आणि चरबी महाग होत चालली होती. तिथून ही विद्या अमेरिकेत सिनसिनाटीला, प्रॉक्टर अँड गॅम्बल या दुसऱ्या साबणवाल्यांकडे गेली. त्यांच्या हाताशी सरकीचं तेल मुबलक होतं. विजेचे दिवे आल्याने मेणबत्त्यांचा धंदा बसत चालला होता. सरकीच्या तेलाचा पांढराशुभ्र, डुकराच्या चरबीसारखा दिसणारा गोळा तयार झाल्यावर, तो खायलाच का विकू नये, असा विचार त्यांनी केला. १९११ साली तो गोळा 'क्रिस्को' नावाने बाजारात आला.

क्रिस्कोच्या जाहिरातींत एक मुद्दा आपल्याला ओळखीचा वाटेल. ज्यू धर्मनियमांप्रमाणे मांस आणि दूध एकत्र करता येत नाही. त्यामुळे मांसाच्या जेवणात लोणी चालत नाही आणि डुकराची चरबी तर कधीच चालत नाही. (बेने इस्राएली मराठी घरांत दुधाऐवजी नारळाचं दूध वापरण्याची चाल याच नियमातून आली.) क्रिस्को मांसातही मोडत नव्हतं आणि दुधातही. कंपनीने धर्मगुरूंची मान्यता मिळवली आणि ज्यू गृहिणींसाठी पाककृतींची खास पुस्तकं छापली. 'हे वनस्पतिजन्य आहे, म्हणजे शुद्ध आहे' हा युक्तिवाद इथून सुरू होतो. पुढे तो आपल्यालाही ऐकवला गेला.

कारण हीच विद्या मुंबईत शिवडीला पोहोचली. क्रॉसफिल्ड कंपनी एव्हाना लिव्हरच्या ताब्यात गेली होती, आणि लिव्हरने १९३१ साली हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. त्याआधी हॉलंडहून घट्ट केलेलं तेल आयात व्हायचं. ते आणणाऱ्या कंपनीचं नाव 'दादा'. लिव्हरने स्वतःचा 'ल' त्या नावात घुसवला आणि १९३७ साली 'डालडा' झाला. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. रिकामा झाला की त्यात डाळ-तांदूळ, आणि गंजला की तुळस. पुढे तर कुठल्याही वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणू लागले.

तुमच्या आजीने चिरोट्यांचा साटा कशाचा केला होता, आठवून पाहा. कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी आणि नानकटाई कशाने खुसखुशीत व्हायची? साजूक तूप परवडणाऱ्या घरांची गोष्ट वेगळी, पण मध्यमवर्गीय घरात दिवाळीच्या फराळातलं मोहन बहुधा डालड्याचं असायचं. ते गरिबीचं लक्षण म्हणून थोडं लपवलंही जायचं. 'आमच्याकडे साजूक तुपातलं आहे' हे वाक्य ज्या अभिमानाने उच्चारलं जायचं, त्यावरून बाकी घरांत काय होतं ते कळतं.

डालड्यावर भारतात संशय मात्र पहिल्यापासून होता. गांधीजींचा त्याला विरोध होता. स्वातंत्र्यानंतर लगेच बंदीची मागणी झाली. नेहरूंच्या सरकारने देशभरातून मतं मागवली, पण त्यातून ठाम असं काही निघालं नाही. मुख्य तक्रार भेसळीची होती. साजूक तुपात हे मिसळलं तर ओळखायचं कसं? त्यावर निघालेला उपाय मला फार आवडतो. प्रत्येक वनस्पती तुपात थोडं तिळाचं तेल घालणं सक्तीचं झालं, कारण तिळाचं तेल एका सोप्या रासायनिक चाचणीत लाल रंग देतं. म्हणजे तुपातला डालडा पकडता येऊ लागला. डालड्यात स्वतःत काय आहे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

त्याचं उत्तर रेणूच्या आकारात आहे. तेलाच्या लांब रेणूंना जागोजागी बाक असतो, म्हणून ते एकमेकांना नीट चिकटून बसत नाहीत आणि तेल पातळ राहतं. हायड्रोजन पूर्ण भरला तर बाक जातो आणि पदार्थ मेणासारखा कडक होतो. तो खायच्या कामाचा नाही. म्हणून प्रक्रिया अर्ध्यावर थांबवतात. या अर्धवट प्रकारात काही रेणूंचा बाक नुसताच उलटतो आणि ते सरळ होतात. निसर्गात क्वचितच सापडणाऱ्या या सरळ रेणूंना ट्रान्स फॅट म्हणतात. ते टिकाऊ असतात, लवकर खवट होत नाहीत, त्याच तेलात पुन्हा पुन्हा तळता येतं. व्यापाऱ्याला यापेक्षा काय हवं?

आता कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोकडे जाऊ. मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ साली आपलं हॉटेल काही काळ बंद ठेवून नव्याने मांडलं. वाढपी काढले, ताटं काढली, मोजकेच पदार्थ ठेवले आणि कारखान्यासारखी कामाची वाटणी केली. रे क्रॉक या मिल्कशेकची यंत्रं विकणाऱ्या माणसाने ते पाहिलं आणि १९५५ साली शिकागोजवळ डे प्लेन्सला स्वतःचं दुकान काढलं. तिथल्या फ्राइज ज्यात तळायच्या त्या मिश्रणाचं नाव होतं 'फॉर्म्युला ४७'. हॅम्बर्गर १५ सेंट, फ्राइज १२, शेक २०, मिळून ४७ सेंटचं जेवण. त्यावरून हे नाव पडलं. मिश्रणात सुमारे ९३ टक्के गाईची चरबी होती आणि ७ टक्के सरकीचं तेल.

हा आकडा पुन्हा वाचा, आणि त्याच्या शेजारी दुसरं एक साल ठेवा. अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा बदलला १९६५ साली. त्यानंतर पुणे-मुंबई-नागपूरचे डॉक्टर आणि इंजिनियर यायला लागले. त्यातले शाकाहारी लोक १९९० पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, हायवेवर ज्या फ्राइज निर्धास्तपणे खात होते त्या गोमांसाच्या चरबीत तळलेल्या होत्या. यात कोणी फसवलं असं म्हणता येत नाही, कारण कोणी विचारलंच नव्हतं. बटाटा तळायला तेलच लागतं ही समजूत आपण सोबत घेऊन आलो होतो.

मग १९९० साली काय झालं? त्यासाठी ओमाहाच्या फिल सोकोलॉफची ओळख करून घ्यायला हवी. बांधकामाचं सामान तयार करून श्रीमंत झालेला हा माणूस. १९६६ साली वयाच्या ४३ व्या वर्षी त्याला हार्ट अॅटॅक आला. त्या काळात हृदयविकार हा अमेरिकेचा राष्ट्रीय धसका होता. १९५५ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आल्यापासून वर्तमानपत्रांत कोलेस्टेरॉल हा शब्द घरोघरी पोहोचला होता. अॅन्सेल कीझ यांच्या संशोधनाने संपृक्त चरबीकडे, म्हणजे लोणी, मांस, खोबरेल, पामतेल यांच्याकडे बोट दाखवलं होतं. सोकोलॉफने स्वतःच्या पैशाने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. अमेरिकेला विष घातलं जात आहे, असा त्यांचा सूर होता. १९९० साली त्याने थेट मॅकडोनाल्डचं नाव घेतलं. त्याच वर्षी जुलैत मॅकडोनाल्ड, बर्गर किंग आणि वेंडीज या तिघांनी गाईची चरबी सोडून वनस्पती तेलात फ्राइज तळण्याचं जाहीर केलं.

एकट्या माणसाने तीन मोठ्या कंपन्या वाकवल्या. पण ते वनस्पती तेल साधं पातळ तेल नव्हतं. दिवसभर उकळत्या कढईत टिकायला घट्ट केलेलं तेल हवं होतं, आणि ते अर्धवट हायड्रोजन भरलेलं होतं. डालड्याचा अमेरिकन चुलतभाऊच म्हणा. आणि ही घोषणा झाल्यावर पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट १९९० मध्ये, मेन्सिंक आणि कटान या दोन डच संशोधकांचा निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. त्यांनी ५९ निरोगी स्त्री-पुरुषांना तीन-तीन आठवडे वेगवेगळ्या चरबीचं जेवण दिलं होतं. संपृक्त चरबीने वाईट कोलेस्टेरॉल वाढलं, हे अपेक्षितच होतं. ट्रान्स फॅटनेही वाईट कोलेस्टेरॉल वाढवलं, आणि वर चांगलं कोलेस्टेरॉल कमी केलं. म्हणजे जे टाळायला म्हणून बदल केला, त्यापेक्षा बदलीवर आलेलं वाईट निघालं.

इथे सोकोलॉफला मूर्ख ठरवायचा मोह होतो, पण तो अन्याय होईल. त्याला जे ठाऊक होतं त्यावर तो वागला. ज्यांना जास्त ठाऊक असायला हवं होतं त्यांचं काय? इलिनॉय विद्यापीठातले फ्रेड कुमेरो यांनी १९५७ सालीच 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं होतं की हृदयविकाराने गेलेल्या माणसांच्या शरीरात ट्रान्स फॅट साठलेलं सापडतं. तेहतीस वर्षं हा निबंध ग्रंथालयात पडून होता.

१९९० नंतरही कढई लगेच बदलली नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातून ट्रान्स फॅट आणि हृदयविकार यांचा संबंध पुढे आला. १९९४ साली डब्यावर त्याचं प्रमाण छापायची मागणी झाली. नियम झाला २००३ साली आणि लागू झाला २००६ च्या जानेवारीत. त्यातही पळवाट होती. एका वाढणीत अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर शून्य छापता येतं. वाढणी लहान केली की शून्य. आणि हा नियम पाकिटावरच्या लेबलचा. ड्राइव्ह-थ्रूच्या खिडकीतून हातात येणाऱ्या कागदी पिशवीला तो लागूच नव्हता.

मॅकडोनाल्डने २००२ च्या सप्टेंबरमध्ये तेल बदलण्याचं जाहीर केलं, ठरल्या मुदतीत बदललं नाही, त्यावरून खटला झाला आणि २००५ साली ८५ लाख डॉलर देऊन तो मिटवावा लागला. दरम्यान डेन्मार्कने २००३ साली कायदाच केला की खाद्यतेलातल्या एकूण चरबीत कारखान्यातलं ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये. स्टीन स्टेंडर या डॅनिश डॉक्टरने आणि सहकाऱ्यांनी मग एक साधी गोष्ट केली. निरनिराळ्या देशांत जाऊन एकाच साखळीच्या दुकानांतून तेच मोठे फ्राइज आणि तेच नगेट्स विकत घेतले आणि प्रयोगशाळेत तपासले. २००६ साली निष्कर्ष छापले. न्यूयॉर्कच्या मॅकडोनाल्डमधल्या वाढणीत सुमारे १० ग्रॅम ट्रान्स फॅट, डेन्मार्कमधल्या तशाच वाढणीत १ ग्रॅमपेक्षाही कमी. नाव तेच, खोका तोच. 'चव बदलेल, शक्य नाही' हे म्हणणं त्या दिवशी संपलं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य मंडळाने हॉटेलांत ट्रान्स फॅटला मनाई केली आणि पुढच्या वर्षी ती तळणीच्या तेलापासून अमलात यायला लागली. न्यूयॉर्क राज्यातल्या आणखी काही काउंटींनी तेच केलं, काहींनी केलं नाही, म्हणून तुलना करणं शक्य झालं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बंदीला तीन किंवा जास्त वर्षं झालेल्या काउंटींमध्ये हार्ट अॅटॅक आणि पक्षाघाताने इस्पितळात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण, बंदी नसलेल्या काउंटींच्या तुलनेत ६.२ टक्क्यांनी जास्त घटलेलं दिसलं. कोणी जिमला गेलं नाही, कोणी संकल्प सोडला नाही. फक्त कढईतलं तेल बदललं. देशपातळीवरचा निर्णय २०१५ साली झाला, २०१८ च्या जूनपासून लागू झाला. कुमेरो यांनी त्यासाठी २०१३ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी सरकारवर खटला भरला होता. निर्णय झालेला त्यांनी पाहिला, आणि २०१७ साली १०२ वर्षांचे होऊन गेले.

भारताचं काय? २००९ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाजारातली वनस्पती तुपं तपासली. त्यांत ट्रान्स फॅट डेन्मार्कच्या मर्यादेच्या ५ ते १२ पट निघालं. तिथली मर्यादा हळूहळू खाली आणत २०२२ च्या जानेवारीत २ टक्क्यांवर आली. म्हणजे तुमच्या सोबत विमानाने आलेली आईच्या हातची शंकरपाळी आणि इथल्या खिडकीतून मिळालेल्या फ्राइज, दोन्हींत बरीच वर्षं एकच पदार्थ होता. कोणी इथल्या खाण्याला नावं ठेवून घरचं ते पौष्टिक म्हणायला लागलं की मला हे आठवतं.

मधली एक गोष्ट सांगायची राहिली. १९९० साली चरबी गेली आणि वनस्पती तेल आलं, याचा शाकाहारी लोकांना केवढा आनंद! आता प्रश्नच मिटला. पण चरबीबरोबर चवही गेली होती, ती परत आणण्यासाठी फ्राइज गोठवण्यापूर्वी कारखान्यातच त्यांत गोमांसापासून केलेला स्वाद मिसळला जात होता. घटकांच्या यादीत त्याचं नाव नुसतं 'नैसर्गिक स्वाद' असं होतं. २००१ च्या मे महिन्यात सिएटलचे वकील हरीश भारती यांनी खटला भरला तेव्हा हे जगभर झालं. ठाण्यात मॅकडोनाल्डच्या दुकानाची मोडतोड झाली, मुंबईत निदर्शनं झाली. भारतातल्या फ्राइजमध्ये तसलं काही वापरत नाही असं कंपनीने सांगितलं आणि तपासणीतही काही आढळलं नाही. अमेरिकेत मात्र कंपनीने जाहीर माफी मागितली आणि २००२ साली एक कोटी डॉलर हिंदू, शीख, शाकाहारी वगैरे संस्थांना द्यायचं कबूल केलं.

त्या वेळच्या आपल्या संतापाबद्दल मला काही म्हणायचं नाही, तो रास्तच होता. पण एक लक्षात घ्या. २००१ साली त्या फ्राइजमध्ये दोन गोष्टी होत्या. एक धर्म बाटवणारी आणि एक हृदय बिघडवणारी. पहिलीसाठी आपण रस्त्यावर आलो. दुसरीबद्दल मंडळाच्या वार्षिक अंकात चौकटसुद्धा कोणी छापल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता तेल सुधारलं. मग फ्राइज खायला हरकत नाही? इथेच तेलाच्या इतिहासाने आपल्याला चकवलं आहे असं मला वाटतं. कशात तळलं यावर भांडण चालू असताना, किती खाल्लं याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. १९५५ साली मॅकडोनाल्डमध्ये फ्राइजची एकच वाढणी मिळायची, साधारण ६८ ग्रॅमची. डेव्हिड वॉलरस्टीन नावाचे गृहस्थ पूर्वी सिनेमागृहं चालवत. त्यांनी पाहिलं होतं की माणूस पॉपकॉर्नची दुसरी पिशवी मागायला लाजतो, पण पहिलीच पिशवी मोठी दिली तर आनंदाने संपवतो. पुढे ते मॅकडोनाल्डच्या संचालक मंडळावर आले आणि क्रॉकच्या मनाविरुद्ध त्यांनी मोठी फ्राइज आणायला लावली. ते साल १९७२. मग 'सुपरसाइझ' आलं. ते २००४ साली बंद झालं, त्याच वर्षी महिनाभर तेच खाणाऱ्या माणसाचा चित्रपट गाजला होता. त्या चित्रपटाने मला कधीच पटवलं नाही. तीस दिवस तिन्ही त्रिकाळ कोणीच असं खात नाही, आणि खरं नुकसान इतकं नाट्यमय नसतं.

खरं नुकसान कसं असतं ते २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. अमेरिकेतल्या चार शहरांतले तीन हजारांवर गोरे आणि काळे तरुण, १९८५ पासून पंधरा वर्षं पाहिलेले. आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त फास्ट फूड खाणाऱ्यांचं वजन, आठवड्यातून एकदाही न खाणाऱ्यांपेक्षा साडेचार किलोंनी जास्त वाढलं, आणि इन्सुलिन निष्प्रभ होण्याचं प्रमाण दुपटीने वाढलं. आठवड्यातून दोनदा हे कोणाला अति वाटेल? सॉकर प्रॅक्टिस मंगळवारी आणि गुरुवारी असली की झालंच. २०१९ साली केव्हिन हॉल यांनी २० माणसांना चार आठवडे इस्पितळातच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्ही जेवणांत समोर ठेवलेली साखर, मीठ, चरबी, चोथा सारखा, आणि हवं तितकं खायची मुभा. कारखान्याच्या अन्नावर असताना लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळजवळ एक किलोने वाढलं.

ते तीन हजार तरुण आपल्यापैकी नव्हते. आपल्या अंगाचं गणित वेगळं आहे हे दाखवून देण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. दिसायला दोघेही सडपातळ. युडकिनच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं त्यांनी मोजली होती. ती सरासरी २.७ किलोची, साउथॅम्प्टनची गोरी बाळं ३.५ किलोची. पण आपल्या बाळात कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानाने राखलेली होती. पोटात असताना मिळालेल्या तुटपुंज्या पोषणात शरीराने केलेली ही तजवीज असावी, असं याज्ञिकांचं म्हणणं. लंडनच्या साउथॉल भागातल्या लोकांवरच्या अभ्यासातून १९९१ साली हेच दुसऱ्या बाजूने दिसलं होतं. दक्षिण आशियाई माणसाची चरबी पोटावर जमते, आणि मधुमेह व हृदयविकार तिच्या मागून येतात. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ साली आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहाची तपासणी २५ ऐवजी २३ च्या इंडेक्सपासून करायला सांगितलं. तुमच्या डॉक्टरच्या भिंतीवरचा तक्ता कुठला आहे ते पुढच्या भेटीत पाहा.

'आमच्या जीन्समध्येच आहे' असं आपल्या पार्ट्यांमध्ये कोणीतरी म्हणतं, आणि मग समोशाची दुसरी फेरी येते. जीन्स मावळ-मुळशीच्या वाडीतही त्याच होत्या. याज्ञिकांच्या कामातून निघतं ते इतकंच की आपल्याकडे चूक सहन करायची जागा कमी आहे. जे साडेचार किलो शेजारच्या मिनेसोटावाल्याला पंधरा वर्षांत थोडे जड करतील, ते आपल्याला गोळ्यांच्या डबीपर्यंत नेऊ शकतात.

आणि कढई पुन्हा बदलते आहे. आता बी-बियांच्या तेलांविरुद्ध मोहीम सुरू झाली आहे, आणि १९९० साली हाकलून दिलेली गाईची चरबी 'नैसर्गिक' म्हणून परत बोलावली जाते आहे. 'स्टेक एन शेक' या साखळीने २०२५ च्या सुरुवातीला आपल्या फ्राइज गाईच्या चरबीत तळायला घेतल्या आणि त्याची जाहिरातही जोरात केली. या वेळी निदान ते लपवलेलं नाही. मॅकडोनाल्डच्या अमेरिकेतल्या फ्राइजच्या घटकांतही गोमांसाचा नैसर्गिक स्वाद आता तशा नावानेच लिहिलेला असतो, कंपनीच्या संकेतस्थळावर. खिडकीवरच्या फलकावर तो दिसत नाही. तिथे चित्र असतं, किंमत असते आणि त्याखाली विचारणा: मध्यम की मोठी?